चार बोटं जास्त

“ती झोप नव्हती, आजी,” छातीची डॉक्टरीण म्हणाली. रागावून नाही, अगदी शांतपणे, पत्ता चुकलेल्याला रस्ता सांगावा तसं. ताई भावाच्या चपला हातात धरून उभी होती. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना तिने त्या आठवणीने उचलल्या होत्या, परत येताना त्याला अनवाणी चालायला लागू नये म्हणून. एरवी कुणी आजी म्हटलं की ती फटकन म्हणायची, मला ना नवरा ना पोर, आजी कुठून झाले? आज तेही तिच्या तोंडून निघालं नाही. झोप नव्हती तर काय होतं, एवढंच तिला विचारायचं होतं. थोड्या वेळापूर्वी डॉक्टरणीने विचारलं होतं, घरी ऑक्सिजन कितीवर होता? आणि ताईने पटकन, पहिला नंबर आलेल्या मुलाच्या आईच्या तोऱ्यात सांगितलं होतं, “दोनवर असतो. आज फार धाप लागली होती त्याला, म्हणून मी पाचवर नेला. आणि काय सांगू, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपला हो!”

डॉक्टरणीने मग समजावून सांगितलं. फुप्फुसं इतकी झिजली आहेत की वापरलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. ती रक्तात साठते. अशा माणसाला ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त मिळाला की ती आणखीच साठत जाते, मग गुंगी चढते. “चेहरा लाल होतो, हात गरम लागतात. बघणाऱ्याला वाटतं, छान डोळा लागला.” भाची शेजारीच उभी होती, ऑफिसातून तशीच धावत आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र लोंबतंय. ती आत्याकडे बघत नव्हती. तिने विचारलं, “मग आता?” आता ऑक्सिजन मोजून द्यायचा, बंद नाही करायचा, पण मोजून. तोंडावर घट्ट मास्क लावायचा, मशीन प्रत्येक श्वासाला हात देईल, साठलेली हवा हळूहळू बाहेर काढेल. संध्याकाळी परत रक्त तपासायचं. उतार पडला तर ठीक. नाही पडला तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल. “आणि खरं सांगते,” डॉक्टरीण म्हणाली, “अशा फुप्फुसांच्या माणसाला नळी घालणं सोपं असतं. काढणं अवघड. कधी कधी निघतच नाही.”

पाचवर. ताईच्या डोक्यात तो आकडा घड्याळासारखा टकटकत राहिला. घरातल्या त्या मशीनला एक काचेची नळी होती आणि नळीत एक इवलीशी गोळी हवेवर तरंगायची. दोनच्या रेघेवर भाचीने स्वतःच्या नेलपॉलिशने लाल खूण केली होती आणि बजावलं होतं, “आत्या, गोळी या खुणेवर म्हणजे खुणेवर. काहीही झालं तरी.” ताईने मान डोलावली होती. मान डोलावायला काय जातं? दुकानाचा मालकही असंच बजावायचा. कापडाच्या दुकानात तिने उभा जन्म काढला होता, मीटरपट्टी आणि कात्री घेऊन. गिऱ्हाइकाने दोन मीटर मागितलं की ती दोन मीटर मोजायची, मग अंगठा दाबून धरायची, पुढे चार बोटं सोडायची आणि तिथे कात्री लावायची. मालक ओरडायचा, “माझा ताग्यामागे तागा संपतोय तुमच्या चार बोटांत!” पण गिऱ्हाइकं तिच्याच टेबलाशी रांग लावायची, हे त्यालाही दिसत होतं. कापड धुतल्यावर आटतं, शिंपी चुकतो, पोरं वाढतात. नेमकं मोजून दिलेलं कधी कुणाला पुरलंय? नेमकं मोजणं म्हणजे मन लहान असणं, असं ती मानत आली होती. लाल खुणेवर थांबणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. हात आखडता घेणाऱ्यांबद्दल तिला आयुष्यभर कीव वाटत आली होती, आणि आता एक तरुण बाई, नात शोभेल अशा वयाची, सांगत होती की तोच हात आखडायला हवा होता.

भाची तिला बाकाजवळ घेऊन गेली. भिंत फिकट हिरवी, तिच्यावर माणसांच्या डोक्यांच्या तेलाचे डाग ओळीने, जणू आधी बसून गेलेल्यांची हजेरी. भाची खालच्या आवाजात म्हणाली, “मी खूण केली होती ना ग आत्या?” त्यात राग असता तर बरं झालं असतं. ताई म्हणाली, “त्याला श्वास पुरत नव्हता. माझ्याकडे बघत होता. तू असतीस तर काय केलं असतंस?” “तुम्ही फोन केला असतात तर मी सांगितलं असतं.” भाची अहोजाहोवर आली की ती चिडली आहे हे ताईला माहीत होतं. मग ती म्हणाली, “लहानपणी मी तुमच्याकडे राहायला यायचे, तेव्हा ओकारी येईपर्यंत खायला घालायचात. आई म्हणायची, अति तिथं माती. मला वाटायचं, आई हेवा करते.” ताई मनातल्या मनात म्हणाली, अति कशाला म्हणायचं, पोरी? तुझ्या बापाला मी पहिल्यांदा ताट वाढलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तो चार वर्षांचा. आमची आई गेली त्याच्या पुढच्याच महिन्यातली गोष्ट. वडील कामावरून उशिरा यायचे, पातेल्यात दोघांपुरतं असायचं आणि खरं तर दोघांपुरतंही नसायचं. अति नावाची वस्तू त्या घरात कुणी पाहिली होती?

तो खायचा आणि थाळीच्या काठावर नखाने दोनदा वाजवायचा, टक टक. बोलायचा नाही. मागायला त्याला लाज वाटायची, इतक्या लहानपणी कुठून आली होती ती लाज कोण जाणे. टक टक झालं की ती आपल्या ताटातलं त्याच्या ताटात सारायची आणि म्हणायची, मी मघाशीच खाल्लं. पोटात कावळे ओरडत असायचे, पण त्या ओरडण्यातही एक मजा होती, कुणाला न सांगायच्या गुपितासारखी. पोट भरलं की त्याचे गाल लालबुंद व्हायचे, कान गरम व्हायचे आणि हातात घास तसाच धरून तो बसल्या जागी पेंगायचा. त्याला उचलून गादीवर टाकताना ते गरम, जड, सैल अंग तिच्या खांद्यावर असायचं. त्या वजनाएवढं सुख तिला पुढे आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही. दोन स्थळं आली होती, एक तर चांगलं होतं. ती म्हणाली, छोट्या मोठा होऊ दे. छोट्या मोठा झाला, गाड्यांना रंगाचे फवारे मारायला लागला, लग्न केलं, बाप झाला, भावजय आजारात गेली, त्याचे केस पिकले, आणि तरी तिच्या तोंडी तो छोट्याच राहिला.

म्हणूनच आज दुपारी तिने ते गाल पाहिले तेव्हा तिला शंका आली नाही. उलट जुनी ओळख पटली. सकाळपासून तो पलंगाच्या कडेला बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. एक शब्द बोलायचा आणि थांबायचा. “ताई. जरा. वाढव.” ती म्हणाली, “पोरीने नको म्हटलंय रे.” नुसतं पलंगाच्या लाकडावर नख वाजवलं, दोनदा. झालं. तिच्या हाताने बटण कधी फिरवलं हे तिलाही कळलं नाही. गोळी लाल खुणेवरून उडाली आणि वर जाऊन नाचायला लागली. त्याच्या बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा चढत गेला, नव्वद, त्र्याण्णव, सत्त्याण्णव. सत्त्याण्णव! शाळेत जन्मात कधी पस्तिसाच्या वर गेला नाही हा मुलगा. ती मोठ्याने तसं म्हणालीही, आणि तो हसला. मग खांदे खाली आले, गाल हळूहळू लाल झाले, मान कलली. तिने त्याला नीट आडवा केला, उशी सारखी केली, हात हातात घेऊन पाहिला तर छान गरम. पंखा हळू केला. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली, भांडंसुद्धा आपटू नये म्हणून कपबशी फडक्यावर ठेवली. आणि खुर्चीत बसून तिने सगळा चहा शेवटच्या घोटापर्यंत समाधानाने प्यायला. तो चहा आता तिच्या घशाशी येत होता. आतल्या खोलीत तो बुडत होता आणि ती बाहेर बशी पुसत होती.

उठवायला गेली तेव्हा तो उठला नाही. हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे अर्धवट उघडले आणि तिच्या पलीकडे कुठेतरी बघून मिटले. अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेल्या माणसाने खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं काय केलं असेल, तर गोळी खाली आणली. “अरे वेडा आहेस का?” ती त्याच्या अंगावर धावली, “त्याचा जीव जातोय आणि तू हवा काढून घेतोस?” चोर घरात शिरून डोळ्यांदेखत भावाचं ताट ओढून नेतोय, असंच वाटलं तिला. त्या माणसाने तिचा हात हलकेच बाजूला केला. आता त्याचा तो हलका हात आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकांचं कोण आहे असं, की ज्याचं ते ऐकतात?” डॉक्टरणीने दारातून विचारलं. ते मास्क ओढून काढतायत, गुंगीत असले तरी हात चालतोय. हात बांधायला तिला आवडत नाही. ओळखीचं कुणी जवळ बसलं तर मास्क टिकतो, आणि मास्क टिकला तर नळी टळते. भाची पटकन म्हणाली, “मी बसते.” आणि मग तीच थांबली. बापाने तिचं कधी ऐकलं नव्हतं, सिगारेट सोडा म्हणून तिने किती वर्षं डोकं फोडलं होतं. “आत्याचं ऐकतात,” ती नाइलाजाने म्हणाली. ताई उठली. सगळ्यांना हेच वाटत आलं होतं, तो ताईच्या शब्दाबाहेर नाही म्हणून. खरं म्हणजे तिने त्याला कधी असा शब्द टाकलाच नव्हता की जो त्याला मोडावासा वाटेल. तीच त्याचं ऐकत आली होती. सिगारेटसुद्धा. दुकान सुटल्यावर ती त्याच्या घरी डोकावायची, तो एक पाकीट आणायला सांगायचा आणि ती दोन आणायची. एक संपलं तर रात्री कुठे जाईल बिचारा? भावजय एकदा म्हणाली होती, ताई, तुम्ही त्याला बिघडवताय. तेव्हा ताई चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

आत मशीनचा आवाज होता, ओढल्यासारखा आणि सोडल्यासारखा. छोट्याच्या नाकातोंडावर प्लॅस्टिकचा मास्क आवळलेला, पट्ट्या गालांत रुतलेल्या, पांढरे केस पट्ट्यांमधून वर आलेले. तिला हसू आलं असतं. लहानपणी डोक्यात पातेलं घालून तो शिपाई व्हायचा तेव्हा असाच दिसायचा. सिस्टरने खुर्ची दिली आणि पलंगामागच्या भिंतीवरचं बटण दाखवलं. तिथेही एक काचेची नळी होती, तिथेही एक गोळी. “याला हात लावायचा नाही हं, आजी. पडद्यावर हा आकडा दिसतोय ना, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्ये राहिला पाहिजे. खाली गेला तरी मला हाक मारायची, वर गेला तरी मारायची.” ताई म्हणाली, “चांगल्या माणसाला शंभरच्या आसपास असतात ना?” सिस्टर म्हणाली, “असतात. यांना नव्वद पुरतात.” आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

नव्वद पुरतात. हे पुरणं तिच्या मनात शिरेना. ती त्याचा हात धरून बसली. हात मास्ककडे जायला लागला की ती तो खाली आणायची, पुन्हा जायचा, पुन्हा आणायची. किती वेळ हे चाललं याचं तिला भान उरलं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला की ती खुर्चीत पुढे सरकायची, सत्त्याऐंशी दिसलं तेव्हा ती ओरडलीच, सिस्टर आली, मास्क नीट बसवला, आकडा पुन्हा वर सरकला. ब्याण्णव झाले तेव्हा ताईला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. हा आनंद तिच्या ओळखीचा होता. दुपारी सत्त्याण्णव पाहून झाला तो हाच. मग तिला वाटलं, ती थाळीही अशीच असेल. छोट्याला नेमकी किती भूक होती हे तिने कधी बघितलं होतं का? तो टक टक करायचा, हे खरं. पण तो थांबायचा केव्हा, हे तिला आठवेना. कधी थांबूच दिलं नव्हतं. त्याला झोप लागेपर्यंत ती वाढत राहायची, कारण तो जड होऊन खांद्यावर आला की तिला बरं वाटायचं. तिला. पोट त्याचं होतं आणि भूक कुणाची होती? ही गोष्ट इतक्या उशिरा, एका अनोळखी खोलीत, मशीनच्या आवाजात कळावी, याचा तिला संताप आला, आणि लगेच रडूही आलं. पदराने डोळे पुसायला एक हात सुटला, तेवढ्यात त्याने मास्कची पट्टी पकडली. तिने झडप घालून ती सोडवली.

भाची दारातून डोकावून जायची. एकदा आत आली, पाण्याची बाटली ठेवली आणि आत्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “बाबांची बोटं हलतायत,” ती म्हणाली. हलत होती. मघापासून हात उठायचा तो पाण्यातल्या फांदीसारखा, नुसताच. आता बोटं एकेक करून हलत होती, काहीतरी शोधल्यासारखी. मग त्याचे डोळे उघडले. छताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि वळून नेमके ताईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. ओळखलं त्याने. तिला हंबरडा फोडावासा वाटला. “छोट्या,” ती म्हणाली, “हॉस्पिटलात आहोत आपण. मी आहे. तोंडावरचं काढायचं नाही.” त्याच्या गालांवरची ती गुबगुबीत लाली उतरली होती. चेहरा ओढलेला, राखाडी, म्हातारा दिसत होता, त्याचा खराखुरा चेहरा. छाती वरखाली होत होती. त्याने डोळ्यांनीच मागच्या भिंतीकडे खूण केली, त्या काचेच्या नळीकडे. मग पलंगाच्या लोखंडी कठड्यावर त्याचं नख वाजलं. टक टक.

ताईचा उजवा हात खुर्चीवरून उठला. ती त्या हाताकडे बघत राहिली. बटण जवळच होतं, चार बोटं लांब. सिस्टरची पाठ होती. पडद्यावर नव्वद. जरासं, अगदी जरासं फिरवलं तर कुणाला कळणार होतं? त्याला पुरत नव्हतं हो, दिसत होतं ना समोर, मागत होता तो, आणि त्याने मागितलं आणि तिने दिलं नाही असा दिवस तिच्या आयुष्यात उगवला नव्हता. हात हवेत थांबला. मग तिने तो दुसऱ्या हाताने पकडून मांडीवर आणला, आगाऊ पोराला ओढून बसवावं तसा. “नाही,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मशीनखाली दबून गेला. तिने पुन्हा सांगितलं, “नाही, छोट्या. एवढंच मिळेल.” त्याला आधी कळलंच नाही. त्याने परत वाजवलं. तिने मान हलवली. मग मात्र त्याचे डोळे बदलले. असा तो इतरांकडे बघायचा, कामावरच्या मालकाकडे, बायकोकडे, मुलीकडे. ताईकडे त्याने असं कधी बघितलं नव्हतं. त्यात राग होता आणि रागाहून जास्त अचंबा होता, घरचं दार आतून बंद सापडल्यासारखा. त्याने कठडा गच्च धरला आणि मान फिरवली. ती म्हणाली, “रागाव. हवं तेवढं रागाव. श्वास सोड आधी. घेऊ नकोस, सोड. हळू.” ती स्वतः ओठांचा चंबू करून फुंकर मारायला लागली, लांब, दिव्याची ज्योत न विझू देता हलवावी तशी, आणि बऱ्याच वेळाने, त्याने मान न वळवताच, मास्कच्या आत त्याचा श्वास तिच्या फुंकरीच्या मागून सुटायला लागला.

डॉक्टरणीने मनगटातून रक्त घेतलं तेव्हा तो कण्हला. थोड्या वेळाने ती कागद न आणताच आली, चालण्यावरूनच भाचीला कळलं असावं, कारण ती भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. “उतरतंय,” डॉक्टरीण म्हणाली. “अजून बरंच उतरायला हवं, रात्रभर मास्क ठेवावा लागेल. पण आत्ता नळी नको.” मग वाकून तिने विचारलं, “काका, मी कोण?” त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो ताईकडे बघत होता, धुमसत. डॉक्टरीण हसली. “चिडलेत. फार छान. चिडणारा माणूस जागा असतो.”

सिस्टरने दिवे लावले. भाची चपला उचलून पलंगाखाली ठेवत म्हणाली, “आत्या, घरी गेल्यावर ती गोळी…” ताई म्हणाली, “बटणावर डबा ठोकून कुलूप लावायचं आणि किल्ली तू न्यायचीस, हेच ना? लाव. पण मी तिथेच बसणार.” बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी वाढली होती, कुणीतरी कुणावर तरी भोंगा वाजवत होतं. तिला एकाएकी सडकून भूक लागली आणि तिच्या लक्षात आलं, आपण आज दुपारच्या त्या चहाशिवाय काही घेतलेलं नाही. इतक्या वर्षांत मी मघाशीच खाल्लं असं तिने कुणाकुणाला सांगितलं होतं. “पोरी,” ती म्हणाली, “मला काहीतरी खायला आण. भूक लागलीय.” भाची बघतच राहिली. आत्याने कधी काही मागितलेलं तिने ऐकलं नव्हतं.

भाची गेली. पडद्यावर एकोणनव्वद, मग नव्वद. टक टक, कठड्यावर पुन्हा वाजलं, आता जरा जोरात. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला. बोटं गार होती. दुपारी ती गरम होती. ती त्या गार बोटांवर हात ठेवून बसून राहिली, दिलं मात्र काही नाही. समोर तिचा भाऊ होता, अर्धपोटी, रागावलेला आणि टक्क जागा.